पेटी थांबते तेव्हा

"पण तिनं तुझा हात का धरला नाही?"

बाईंनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

रत्नाकर फरशीकडे बघत बसला होता. समोरच्या चहावर साय धरली होती.

"घाबरली असेल," तो म्हणाला.

"कशाला? पाण्याला? पाण्याला घाबरलेलं माणूस काडीसुद्धा धरतं, रत्नाकर. पुन्हा सांग. पहिल्यापासून."

द्वारकाबाई उंब्रजला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांचं आयुष्य गाणं शिकवण्यात गेलं होतं. रत्नाकर देवकुळे त्यांचा शिष्य. हाफ पँटमध्ये असताना त्यांच्याकडे आला, मिसरूड फुटून गेलं तरी शिकत राहिला. आता कानाशी केस पिकायला लागले होते आणि तो स्वतः कराडात घरोघरी जाऊन लहान मुलांना गाणं शिकवत होता.

त्याचं नाव होतं. परीक्षेत त्याची मुलं वरच्या नंबरात यायची. देवकुळे सरांच्या हाताखालचं मूल बेसूर होत नाही, असं आयाबाया एकमेकींना सांगायच्या. ते त्याच्या कानावर यायचं, आणि त्याला ते आवडायचं.

आज तो न कळवता आला होता. रात्रभर झोपला नव्हता.

त्यानं पहिल्यापासून सांगितलं.

पूर्वा जंगम. वय आठ. गाणं नुकतंच सुरू केलेलं. दर गुरुवारी संध्याकाळी तो तिच्या घरी जायचा. हार्मोनियम तिच्या आईनं मुद्दाम नवीन घेतली होती. सुरांची पहिली ओळ चालू होती, सा रे ग, रे ग म. पोरीचा मध्यम दरवेळी घसरायचा. नेमका तिथंच.

काल तो गेला तेव्हा दार उघडंच होतं. पूर्वाची आई, सुजाता, अंगणात उभी होती.

"सर, पूर्वा दिसत नाही. आत्ता तर इथं होती."

त्यांनी पलंगाखाली बघितलं. कपाटात बघितलं. शेजारी विचारलं. मागच्या परसात एक जुनी विहीर होती, लोखंडी जाळी बसवलेली. सुजाता तिच्याकडे धावली. जाळीला कुलूप होतं. ती तिथंच कठड्याला धरून क्षणभर उभी राहिली, मग गल्लीत हाका मारत गेली.

रत्नाकर गच्चीवर चढला.

गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. दुपारी ती धुऊन रिकामी केली होती, झाकण बाजूला पडलं होतं. धुणाऱ्याची शिडीही तशीच टेकवलेली होती.

टाकीतून गाण्याचा आवाज येत होता.

"काय गात होती?" बाईंनी विचारलं.

"तेच. सा रे ग, रे ग म."

"आणि मध्यम?"

"लागत होता, बाई. स्वच्छ. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. टाकीत ती घुमायची. घुमणं संपलं की पुढची म्हणायची. मी शिडीवर उभा राहून ऐकत होतो."

"तुला काय वाटलं?"

"वाटलं की येतं हिला. माझ्यापुढं मुद्दाम हट्ट करते."

"मग?"

"मग मी आत वाकून म्हणालो, पूर्वा, मध्यम बरोबर लागला. आता खाली ये आणि पेटीवर म्हणून दाखव."

बाई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात चालूच राहिले.

"मग ती गप्प झाली," रत्नाकर म्हणाला.

त्याच वेळी खाली मोटर सुरू झाली. नळाला पाणी आलं होतं. पूर्वाच्या आजोबांना ऐकू कमी येतं. रोजच्या सवयीनं त्यांनी बटण दाबलं आणि फाटकाबाहेर जाऊन बसले. घरात काय शोधाशोध चालली आहे, त्यांना पत्ताच नव्हता.

पाइप गुरगुरला. टाकीत पाण्याची धार पडू लागली.

रत्नाकरनं हाका मारल्या. खालून कुणी ओ दिली नाही. त्यानं टाकीच्या तोंडावर पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घातला.

"धर म्हणालो. ती पलीकडच्या कडेला सरकली. पाणी गुडघ्याला आलं. मी म्हणतोय, पूर्वा, हात धर, आणि ती माझ्या हाताकडं नुसती बघतीये, बाई. अंधारात मला तिचे डोळे दिसत होते. पाणी चढत होतं, आणि ती हात धरत नव्हती."

"तू ओरडलास."

"ओरडलो. मग काय करणार? ओरडलो तशी ती आणखी मागं गेली. मी एक पाय आत टाकला. तर ती किंचाळली आणि पाय घसरून पाण्यात पडली. पुरती खाली गेली. मला काही दिसेना… मग उठली. नाकातोंडात पाणी गेलेलं. मी पाय बाहेर काढला. मी मागं झालो तेव्हाच तिचं किंचाळणं थांबलं."

तो धडपडत खाली गेला, मोटर बंद केली, पुन्हा वर आला. तोवर सुजाता गच्चीवर पोचली होती. तिनं टाकीवर वाकून एकदाच हाक मारली. मोठ्यानं नाही.

पोरगी आली. दोन्ही हात वर करून आली. दात वाजत होते. आईच्या खांद्यात तोंड खुपसून ती रत्नाकरच्या जवळून गेली, पण तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

सुजाता जिन्यात थांबली आणि म्हणाली, "सर, आज राहू द्या."

"रागावली नाही ती," रत्नाकर म्हणाला. "रागावली असती तर बरं झालं असतं."

बाहेर कुणाची तरी म्हैस नदीवरून परतत होती. तिच्या गळ्यातली घंटा हळूहळू दूर गेली.

"पोरीवर हात उगारतोस?"

"नाही, बाई. शपथ घेऊन सांगतो."

"टाकून बोलतोस?"

"कधीच नाही."

"मग चुकली की काय करतोस?"

"काही नाही करत. पेटी थांबवतो."

"आणि?"

"आणि…" रत्नाकर थांबला. "बघतो."

"कसा?"

त्याला ते करून दाखवता येईना. तो नुसता बसून राहिला.

बाईंचे हात मेथीवर थांबले.

त्यांनी मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली नाही, की भुवई हलली नाही. नुसतं बघितलं.

रत्नाकरची नजर खाली गेली. घरी दोन पोरांचा बाप असलेला तो माणूस बाईंच्या फरशीवर असा बसला होता, की जणू आत्ताच त्याचा गंधार चुकला आहे आणि तंबोरा थांबला आहे.

"असा?" बाईंनी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

बाईंनी नजर काढून घेतली. पण मेथीची पुढची काडी हातात घेतली नाही.

…

"मी तुला इतके राग शिकवले," त्या म्हणाल्या. "त्यातले किती आज तसेच्या तसे येतात?"

"थोडे विसरलोय, बाई. हल्ली रियाज होत नाही."

"हे बरं विसरला नाहीस. हे जसंच्या तसं पुढं दिलंस."

रत्नाकरला ते लागलं. तो म्हणाला, "बाई, आम्ही त्याला धाक म्हणायचो. आदर म्हणायचो. तुम्ही तसं बघायचात म्हणूनच आम्ही शिकलो. मी काय वाईट शिकलो?"

"चांगला शिकलास."

"मग?"

"मी पुढं बसलेली असले की तू डोळे मिटून गायचास. सगळे कार्यक्रम असेच. लोक म्हणायचे, काय तल्लीन होतो पोरगा. मलाही तसंच वाटायचं. तल्लीन व्हायचास?"

रत्नाकरनं चहाचा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"बाई, ते जाऊ द्या."

"सांग."

"तुम्ही दिसू नये म्हणून मिटायचो."

द्वारकाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, आत गेल्या. माठावरचं झाकण वाजलं. पाणी पिऊन त्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

"तिची भीती कशी काढू, तेवढं सांगा," रत्नाकर म्हणाला. "मी तेवढ्यासाठी आलोय. नाहीतर उद्यापासून शिकवणं बंद करतो. खरंच करतो. मला आता कुठल्याच घरी पेटी उघडायची हिंमत होत नाही. पोरगं चुकलं की मला ती टाकी दिसणार."

"येत्या गुरुवारी मला तिकडं ने."

"तुम्ही तिला समजावणार?"

बाईंनी निवडलेली मेथी टोपलीत भरली.

"रिक्षा घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मला बसमध्ये चढवत नाही."

सुजातानं फोनवर आधी नको म्हटलं. मग म्हणाली, "या. पण ती बाहेर येईल असं नाही, सर. गुरुवार उजाडला की तिच्या पोटात दुखतं. आधीपासून दुखायचं. मला वाटायचं, शाळेचं असेल."

गुरुवारी ते गेले तेव्हा पूर्वा आतल्या खोलीत होती. दाराला पडदा होता. पडद्याखाली तिची पावलं दिसत होती, अंगठा अंगठ्यावर चढवलेला.

सुजातानं सतरंजी घातली. पेटी आणून ठेवली. बाईंना वाकून नमस्कार केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचं लक्ष पडद्याकडं होतं.

"बोलवू का तिला?" रत्नाकरनं हळूच विचारलं.

"पेटी उघड," बाई म्हणाल्या. "सा धर."

त्यानं भाता उघडला. सा धरला. त्याला वाटलं, आता बाई पोरीला काहीतरी गोड बोलतील, गोष्ट सांगतील. कदाचित त्यालाच चार शब्द सुनावतील, पोरीला ऐकू जाईल असे.

बाईंनी मांडी सावरली आणि गायला सुरुवात केली.

रत्नाकर दचकला. बाईंना गाताना कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. शिकवताना त्या बोटानं दाखवायच्या, शब्दांत सांगायच्या, तंबोऱ्यावर सूर छेडायच्या. पण तोंडानं गायच्या नाहीत. लोक म्हणायचे, त्यांनी काहीतरी व्रत घेतलंय. रत्नाकरलाही तसंच वाटत आलं होतं.

"सा…"

तो आवाज बाईंचा नव्हता. निदान त्याच्या कानात राहिलेल्या बाईंचा नव्हता. तो थरथरत होता, मध्येच हवा निघून जात होती.

"रे…"

"ग…"

गंधार खाली घसरला. बाईंनी तो वर उचलायचा प्रयत्न केला. तो चिरकला.

पेटी थांबली.

रत्नाकरनं थांबवली नाही. त्याचा हात थांबला, इतक्या वर्षांच्या सवयीनं. आणि मान वळली, आणि त्यानं बाईंकडं बघितलं.

आपण काय करतोय, हे त्याला समजलं तोवर होऊन गेलं होतं.

बाईंची नजर खाली गेली होती. पदराचं टोक मुठीत आवळलेलं होतं. ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. ज्या बाईंच्या समोर चांगले चांगले गवई मान खाली घालून बसायचे, त्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

काय करावं रत्नाकरला सुचेना. नजर काढून घ्यावी हेही सुचलं नाही.

"सर."

पडदा थोडा सरकला होता. आठवडाभर घरात धड न बोललेली पोरगी पडद्याचा काठ धरून उभी होती.

"असं बघू नका ना," ती म्हणाली. "आजी घाबरल्या."

स्वयंपाकघराच्या दारात सुजातानं तोंडावर हात ठेवला.

रत्नाकरनं खाली बघितलं. पेटीच्या पट्ट्या त्याला एकात एक मिसळलेल्या दिसत होत्या.

पूर्वा बाहेर आली. थेट नाही. भिंतीला धरून, पेटीपासून जमेल तितकं लांबून, ती बाईंच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. बाईंच्या मुठीकडं बघत राहिली.

"आजी, तुम्ही नवीन आहात का?" तिनं हळू विचारलं.

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"माझापण म पडतो," पूर्वा म्हणाली. "टाकीत नाही पडत. पण आता आई टाकीत जाऊ देत नाही."

बाईंचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

पूर्वानं थोडा विचार केला. मग ती बोलली, ती रत्नाकरच्या तोंडाकडं न बघता, भात्यावरच्या त्याच्या हाताकडं बघून बोलली.

"सर, तुम्ही वाजवत राहाल का? आमचं चुकलं तरी?"

"राहीन," रत्नाकर म्हणाला.

"थांबायचं नाही."

"नाही थांबणार."

त्यानं भाता हलवला. सा धरला.

पूर्वानं आधी सुरू केलं, अगदी बारीक आवाजात. बाई मागून आल्या. सा रे ग. बाईंचा गंधार पुन्हा घसरला. रत्नाकरचा हात अडला, पण त्यानं तो रेटला. चुकलेल्या सुरावर पेटी चालू ठेवायची, हे त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. हात जड झाला होता. आता या घरात काहीतरी कोसळणार, असं त्याला वाटत होतं. तरी तो वाजवत होता.

रे ग म. पूर्वाचा मध्यम पडला. तिनं झटकन भात्याकडं बघितलं.

भाता चालू होता.

तिनं एक श्वास घेतला आणि पुढची ओळ म्हटली. मध्येच कधीतरी तिचं एक बोट बाईंच्या गुडघ्यावर येऊन टेकलं. तिथंच राहिलं. मध्यम एकदा लागला, पुन्हा गेला, पुन्हा अर्धवट लागला. संध्याकाळभर तिनं त्या हातावरची नजर काढली नाही. दूधवाल्यानं फाटक वाजवलं तेव्हा ती दचकली आणि बाईंना खेटून बसली. पण उठून आत गेली नाही.

निघताना ती दारापर्यंत आली, आईच्या मागं उभी राहून.

"आई, पुढच्या गुरुवारी आजी येणार?" तिनं आईला विचारलं.

आईनं रत्नाकरकडं बघितलं. रत्नाकरनं बाईंकडं.

"ने-आण हा करणार असेल तर येईन," बाई म्हणाल्या.

रिक्षा कराडच्या बाहेर पडली. ऊन उतरलं होतं. उसाच्या शेतांवरून गार वारा येत होता. बाईंनी पदर डोक्यावरून घेतला होता आणि त्याचं टोक अजून मुठीतच होतं.

हळूहळू रत्नाकरच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. पोरगी बाहेर आली होती. गायली होती. शिकवणं सोडायची गरज नव्हती. मग त्याला सगळं उमगल्यासारखं वाटलं, आणि तो बाईंकडं वळला.

"बाई, मानलं तुम्हाला. मी इतके दिवस डोकं फोडलं असतं तरी मला हे सुचलं नसतं. आधी मला सांगितलंही नाहीत. सांगितलं असतंत तर मी पेटी थांबवली नसती, आणि मग ती पडद्यामागून बाहेर आली नसती. सगळं मोजूनमापून केलंत."

बाई बाहेर बघत होत्या.

"गंधार असा खाली सोडलात की मीसुद्धा फसलो. आणि वर ती मान खाली घालणं, ते पदर मुठीत धरणं…" तो हसला. "मुद्दाम चुकलात ना, बाई?"

रिक्षावाल्यानं समोरून येणाऱ्या ट्रकला बाजू दिली. धूळ आत आली. ती बसेपर्यंत बाई थांबल्या.

"मुद्दाम चुकायला गळा ताब्यात लागतो, रत्नाकर."